अर्ध्या बँडसाठी पुन्हा परीक्षा

आमची मुलगी नर्सिंग झालेली. इंग्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर आयेल्ट्समध्ये वाचन, ऐकणं, बोलणं यांत 7 आणि लेखनात 6.5 बँड लागतो. तिला लेखनात 6 मिळाला. त्या परीक्षेत पास-नापास नसतं म्हणे, पण आमच्या घरी ते नापासच. परत फी, परत नागपूर.

चूक शोधायला आम्ही तिघं बसलो. तासाभरात दोन लेखनं असतात: आलेखावर किमान 150 शब्द, निबंध किमान 250 शब्दांचा. निबंधाचं वजन दुप्पट. पोरीनं आलेखावरच चाळीस मिनिटं घालवलेली! आणि निबंधात विचारलेलं स्वतःचं मत कुठेच नाही. ते आमच्याकडूनच आलं असावं. आम्ही सरकारी नोकर. नोटशीटवर शेवटी निर्णय साहेबांवर सोडायचा. घरीही मोठ्यांपुढे बोलायचं नाही, हेच शिकवलेलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार झाली. संध्याकाळी तिला विषय दिला: गोटमार बंद व्हावी का? आम्ही पांढुर्ण्याचे, सौ. सावरगावची, घरातच दोन काठ. पोरीनं घड्याळ लावलं आणि पहिल्याच वाक्यात लिहिलं, बंद व्हावी. पुढे कारण दिलं, फुटलेली डोकी तिनं स्वतः धुतली आहेत. आम्हाला ते पटलं नाही. पण शब्द मोजले, 262. वेळ अडतीस मिनिटं.

आता रोज आरतीनंतर एक निबंध असतो. भांडणाचे विषय संपत आलेत. कुणाकडे असले तर सांगा.