आमचा मतदारसंघ : नवी दिल्ली
(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्यासपीठावरून नाट्य, संगीत आणि गणेशोत्सव यांविषयी बोलले जावे हे स्वाभाविकच होय. आम्ही मात्र एक रूक्ष वाटणारा विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. आपल्यापैकी पुष्कळजण ज्या मतदारसंघात राहतात, त्या नवी दिल्ली मतदारसंघाचा हा विषय आहे. प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. आम्ही केंद्र सरकारचे नोकर आहोत. १९६४ च्या वर्तन नियमांनी आम्हांस प्रचार वर्ज्य केला आहे. मत देण्याचा हक्क राखला आहे, परंतु ते कोणास दिले याची सूचनाही करावयाची नाही. तेव्हा पक्षोपपक्षांचा समाचार ऐकण्याच्या आशेने कोणी आले असतील, तर त्यांची निराशा होईल.

१९५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा दिल्लीच्या वाट्याला लोकसभेच्या चार जागा होत्या. नवी दिल्ली हा त्यांतील एकसदस्यीय मतदारसंघ होता. १९५७ मध्ये जागा पाच झाल्या आणि १९६७ पासून त्या सात आहेत. येथून पहिल्या निवडून आल्या त्या सुचेता कृपलानी. १९५२ मध्ये त्या किसान मजदूर प्रजा पक्षाच्या, तर १९५७ मध्ये काँग्रेसच्या उमेदवार होत्या. पुढे त्या उत्तर प्रदेशात गेल्या आणि १९६३ मध्ये देशातील पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्या रिकाम्या जागेसाठी १९६१ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि जनसंघाचे बलराज मधोक विजयी झाले. १९६२ मध्ये मेहेरचंद खन्ना, १९६७ मध्ये परराष्ट्र सेवा सोडून आलेले मनोहरलाल सोंधी आणि १९७१ मध्ये मुकुल बॅनर्जी निवडून आल्या. १९७७ व १९८० मध्ये अटलबिहारी वाजपेयी, १९८४ मध्ये कृष्णचंद्र पंत आणि १९८९ मध्ये लालकृष्ण अडवाणी येथून लोकसभेत गेले.

१९९१ ची निवडणूक तर अनेकांच्या स्मरणात असेल. अडवाणी आणि चित्रपट अभिनेते राजेश खन्ना यांच्यातील अंतर अवघे १,५८९ मतांचे राहिले. अडवाणींनी गांधीनगरची जागा राखली आणि १९९२ च्या पोटनिवडणुकीत राजेश खन्ना शत्रुघ्न सिन्हांचा पराभव करून लोकसभेत पोहोचले. त्यानंतर १९९६ पासून तीन वेळा जगमोहन, २००४ व २००९ मध्ये अजय माकन, २०१४ व २०१९ मध्ये मीनाक्षी लेखी आणि २०२४ मध्ये बांसुरी स्वराज असा हा क्रम आहे. पक्ष फिरले, माणसे फिरली. परंतु १,५८९ हा आकडा मनातून जात नाही. सरकारी निवासस्थानांच्या एखाद्या मोठ्या वसाहतीत याहून अधिक मतदार सहज राहत असतील.

आता सीमांकडे वळू. प्रतिनिधी बदलतात ते आपल्या मताने. सीमा बदलतात त्या परिसीमन आयोगाच्या आदेशाने, आणि त्या आदेशाविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नाही. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे दिल्लीची नवी आखणी केली. २००८ ची विधानसभा आणि २००९ ची लोकसभा त्या आखणीनुसार निवडली गेली. जागा सातच राहिल्या, पण करोलबाग, दिल्ली सदर आणि बाह्य दिल्ली ही लोकसभा मतदारसंघांची नावे नाहीशी झाली. वायव्य, पश्चिम आणि ईशान्य दिल्ली ही नवी नावे आली. आज नवी दिल्लीच्या लोकसभा मतदारसंघात करोलबाग, पटेलनगर, मोतीनगर, दिल्ली छावणी, राजेंद्रनगर, नवी दिल्ली, कस्तुरबानगर, मालवीयनगर, रामकृष्णपुरम आणि ग्रेटर कैलाश हे विधानसभेचे दहा मतदारसंघ आहेत. करोलबागेत गलाईच्या व्यवसायानिमित्त स्थिरावलेले सांगलीकडचे कुटुंब आणि रामकृष्णपुरमच्या सरकारी निवासस्थानातील कारकुनाचे कुटुंब, ही दोन्ही एका खासदाराची मतदार झाली. त्यांपैकी एकानेही घर बदलले नव्हते.

याउलट, रेषा जागच्या जागी राहते आणि माणसेच हलतात, असेही घडते. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर यांसह सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मान्यता दिली. जुनी निवासस्थाने पाडली जाऊ लागली आणि तेथील रहिवासी दिल्लीभर विखुरले. निवृत्तीनंतर तर आपल्यापैकी कित्येकजण यमुनेपलीकडे नोएडास, गाझियाबादेस किंवा गुरुग्रामास जातात. तेथे केवळ मतदारसंघच नव्हे, तर राज्यही बदलते. गंमत अशी की गौतमबुद्धनगर आणि गाझियाबाद या नावांचे लोकसभा मतदारसंघही २००८ च्याच आखणीतून जन्मले, आणि १९७७ नंतर लुप्त झालेले गुडगावचे नाव त्याच वेळी परत आले.

येथे आम्ही मूळ मुद्द्याशी येतो. परिसीमन होते ते लोकसंख्येवर, मतदारयादीवर नव्हे. जनगणनेचा प्रगणक दारी येतो तेव्हा तो आपल्याला आपण राहतो तेथेच मोजतो. म्हणजे सीमा आखताना आपण दिल्लीचे ठरतो. परंतु यादीत नाव कोठे असते? आपल्या अनेक घरांत ते अजूनही साताऱ्याच्या, रत्नागिरीच्या किंवा अमरावतीच्या यादीत असते. निवडणुकीच्या दिवशी गावी जाणे होत नाही आणि येथे मत देता येत नाही. आपल्या डोक्यांची संख्या धरून मतदारसंघ आखला जातो आणि त्यात आवाज मात्र इतरांचा उमटतो. अशी मोजलेली पण न बोललेली माणसे ज्या वसाहतीत पुष्कळ असतील, तिच्या पाण्याची, शाळेची आणि दवाखान्याची तक्रार कोण किती मनावर घेईल?

याबाबत १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा अगदी स्पष्ट आहे. एका व्यक्तीस एकाहून अधिक मतदारसंघांत नोंदता येत नाही. ज्याने त्याने आपल्या सर्वसाधारण रहिवासाच्या ठिकाणी नोंदवावे. एखाद्या गावी केवळ घर मालकीचे आहे, एवढ्यावरून मनुष्य तेथला रहिवासी ठरत नाही. तात्पुरत्या अनुपस्थितीने रहिवास संपत नाही हे खरे, परंतु तीस वर्षांच्या नोकरीस तात्पुरती अनुपस्थिती म्हणणे हा भाषेवरही अन्यायच होईल.

येथे कोणी विचारील की चिंतामणराव देशमुख दिल्लीत अर्थमंत्री होते, पण निवडून आले होते ते १९५२ मध्ये कुलाब्यातून. यशवंतराव चव्हाण १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून आले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेत गेले. ते दिल्लीत राहूनही महाराष्ट्राचेच राहिले ना? राहिले, कारण तेथल्या लोकांनी त्यांना पाठविले होते. कायदाही खासदारांना अशी सवलत देतो की कर्तव्यासाठी बाहेर राहिल्याने त्यांचा मूळ मतदारसंघातील रहिवास तुटत नाही. देशात सेवा करणाऱ्या सैनिकांसाठीही निराळी तरतूद आहे. दिल्लीच्या मंत्रालयांत टिपणे लिहिणाऱ्या आम्हां नागरी सेवकांसाठी तशी तरतूद नाही. आम्हांस कोणी पाठविले नाही, आम्ही आलो.

आणि जेथे आलो तेथले होण्यात मराठीपणास बाध येतो, असे मानण्याचे कारण नाही. चिपळूणच्या माहेरवाशीण सुमित्राताई महाजन विवाहानंतर इंदूरच्या झाल्या. त्या मतदारसंघाने त्यांना १९८९ ते २०१४ या काळात सलग आठ वेळा निवडून दिले आणि २०१४ मध्ये त्या लोकसभेच्या अध्यक्षा झाल्या. त्यांचे मराठी सुटले नाही आणि इंदूरकरांनाही त्या परक्या वाटल्या नाहीत.

वडीलधाऱ्यांची अडचण आम्ही जाणतो. गावच्या यादीतून नाव काढणे म्हणजे गावाने आपल्याला टाकले असे त्यांना वाटते. जणू सात-बाराच्या उताऱ्यावरूनच नाव गेले! या भावनेचा उपहास करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ती आमच्याही घरात आहे. परंतु एवढे नम्रपणे सांगतो की सात-बारा निराळा आणि मतदारयादी निराळी. एकीतून नाव गेल्याने दुसरीतले जात नाही. गावच्या देवीची यात्रा, भाऊबंदांचा हक्क, वाड्यातील वाटा, यांपैकी काहीही मतदारयादीवर अवलंबून नाही. तिच्यावर एकच गोष्ट अवलंबून आहे, ती म्हणजे आपल्या आजच्या रस्त्याबद्दल बोलण्याचा आपला अधिकार.

दिल्लीकरांना तर या अधिकाराचे मोल अधिक कळावयास हवे. १९५२ ची विधानसभा १९५६ मध्ये संपली. १९६६ च्या कायद्याने महानगर परिषद आली, पण तिचा अधिकार सल्ल्यापुरता होता. १९९१ मध्ये ६९ वी घटनादुरुस्ती झाली आणि १९९३ मध्ये सत्तर सदस्यांची विधानसभा निवडली गेली. मधल्या सदतीस वर्षांत दिल्लीला विधानसभाच नव्हती. जे मिळण्यास या नगरीस इतका काळ लागला, ते आपण गावच्या जुन्या यादीत ठेवून वाया घालवावे काय?

८४ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठविली. केव्हातरी नव्या आखणीचा प्रश्न येईलच. २००२ च्या कायद्याखालील आयोगाने प्रारूप प्रसिद्ध करून हरकती मागविल्या होत्या आणि जाहीर बैठका घेतल्या होत्या. पुन्हा तशी संधी आली, तर आपली वसाहत कोठे जोडली जावी हे सांगण्यास तिच्याविषयी आस्था असलेली माणसे हवीत.

म्हणून कार्यकारिणीस आमची एक विनंती आहे. गणेशोत्सवाची वर्गणी घेण्यास आपले स्वयंसेवक घरोघर जातात, तेव्हा पावतीपुस्तकासोबत नाव नोंदणीचा नमुना सहा आणि स्थलांतराचा नमुना आठ हेही न्यावेत. आता वर्षातून चार अर्हता दिनांक असतात, त्यामुळे अठरा वर्षांच्या मुलामुलींना जानेवारीची वाट पाहावी लागत नाही. कोणास मत द्यावे हे स्वयंसेवकांनी सांगू नये. आम्हांस तर तेही नियमाने वर्ज्य आहे. "आपण येथे राहता ना? मग येथे नोंदवा," एवढेच सांगावे.