बिऱ्हाड पाठीवर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



२०२४ सालच्या मे-जून महिन्यांत आम्ही अमेरिकेत पाठीवर पडशी टाकून एकट्याने जो प्रवास केला, त्याविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी केली आहे. अमेरिकेची वर्णने आता आपणांस नवीन राहिलेली नाहीत. आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे तेथे आहेत. तेव्हा इमारतींची उंची आणि रस्त्यांची रुंदी सांगून आम्ही आपला वेळ घेणार नाही. परक्या मुलखात एकट्या वाटसरूस रात्री निजावयास जागा कोण देतो, आणि ती देताना त्यास काय विचारतो, एवढ्याच प्रश्नापुरते आमचे बोलणे आहे. पंढरपूर येथील आपल्या धर्मशाळेविषयीचा ठराव आज सायंकाळच्या सभेपुढे यावयाचा आहे, आणि त्याचा या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण एका जागी न टिकणाऱ्या माणसास हिणविण्यासाठी वापरतो. अमेरिकेत मात्र असे बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्यांचा एक पंथच आहे म्हणा ना! त्यांत बहुतेक विशी-पंचविशीतले, पण आमच्यासारखे पिकल्या केसांचेही अधूनमधून भेटतात. आमच्या पडशीत दोन सदरे, दोन विजारी, स्वेटर, पावसाळी अंगरखा, झोपण्याची पिशवी, लहानसा तंबू, औषधे, एक कुलूप आणि मेतकुटाची पुडी एवढा सरंजाम होता. एकूण वजन अकरा किलो. जे ओझे स्वतःच वाहावयाचे असते, ते माणूस फार विचाराने भरतो.

एकटे का गेलात, असे अनेकांनी विचारले. मंडळीबरोबर गेलेला माणूस आपले गावही बरोबर नेतो. तेच जेवण, त्याच गप्पा, त्याच तक्रारी! एकट्या माणसास परक्याशी बोलल्यावाचून गत्यंतरच नसते. मॅट्रिकपुरते इंग्रजी गाठीस होते, तेवढ्यावर आमचे काम भागले.

प्रथम न्यूयॉर्क. तेथे आम्ही ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यूवरील, १०३ क्रमांकाच्या रस्त्याजवळच्या यूथ हॉस्टेलमध्ये उतरलो. नाव यूथ असले तरी वयाची आडकाठी नाही. एका खोलीत एकावर एक अशा खाटा, प्रत्येकास सामानाची पेटी, तीस कुलूप आपले. स्वयंपाकघर सर्वांचे, आणि भांडी ज्याची त्याने घासावयाची. निघताना चादर व उशीचा अभ्रा आपणच काढून टोपलीत टाकावयाचा. दारात पारपत्र पाहिले, पैसे घेतले, खाटेचा क्रमांक सांगितला, संपले. बापाचे नाव, धर्म, धंदा यांची चौकशी नाही.

या इमारतीची कथा मोठी बोधप्रद आहे. रिचर्ड मॉरिस हंट या नामांकित वास्तुशिल्पज्ञाने आखलेली ही इमारत १८८३ साली पुरी झाली. बांधणारी संस्था १८१४ साली स्थापन झालेली होती आणि प्रतिष्ठित, निर्धन, वृद्ध स्त्रियांना आधार देणे हा तिचा उद्देश होता. त्यातील ‘प्रतिष्ठित’ हा शब्द तिच्या नावातच होता. म्हणजे दारिद्र्य आणि वार्धक्य एवढ्याने भागत नसे, प्रतिष्ठेचीही खात्री पटावी लागे. पुढे ती संस्था तेथून गेली, इमारत ओस पडली आणि १९९० साली तिचे हॉस्टेल झाले. आता तेथे कोणत्याही देशीचा वाटसरू निजतो. हंटसाहेबांची विटांची भिंत त्यामुळे तसूभरही खचलेली नाही.

तेथून तेरा रस्ते उत्तरेस चालत गेले की कोलंबिया विद्यापीठ लागते. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे शिकले, हे आपण जाणताच. त्याही पलीकडे हार्लेम ही कृष्णवर्णीयांची विख्यात वस्ती. तेथील व्हिक्टर ग्रीन नावाच्या टपालवाहकाने १९३६ साली एक मार्गदर्शक पुस्तक काढावयास आरंभ केला. कृष्णवर्णीय प्रवाशास कोणत्या गावी कोणत्या घरी बिछाना मिळेल, कोठे जेवण मिळेल, याची त्यात यादी असे. कारण पैसे मोजण्याची तयारी असूनही असंख्य हॉटेलांची दारे त्यास बंद होती. असे पुस्तक अनावश्यक ठरेल तो दिवस उगवावा, अशी आशा ग्रीन यांनी पुस्तकातच व्यक्त केली होती. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला, हॉटेलांत वर्णावरून मज्जाव करणे बेकायदा ठरले, आणि १९६६-६७ ची आवृत्ती अखेरची ठरली. ग्रीन मात्र १९६० सालीच वारले होते. आज जे दार आम्हांस सहज उघडे दिसले, ते प्रारंभापासून उघडे नव्हते. ते उघडावे लागले.

न्यूयॉर्कहून दुपारी निघालेली आगगाडी हडसन नदीच्या काठाने उत्तरेस जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिकागोस पोहोचविते. तेथील हॉस्टेल ज्या रस्त्यावर आहे, त्यास २०१९ साली आयडा बी. वेल्स यांचे नाव लागले. शहराच्या मध्यवस्तीत कृष्णवर्णीय स्त्रीचे नाव लाभलेला हा पहिला रस्ता. या बाई गुलामगिरीत जन्मल्या आणि तरुणपणी शिक्षिका होत्या. पहिल्या वर्गाचे तिकीट असतानाही आगगाडीच्या डब्यातून त्यांना ओढून बाहेर काढण्यात आले. त्यांनी फिर्याद केली. १८८४ साली ५०० डॉलरची भरपाई मंजूर झाली, परंतु १८८७ साली टेनेसी राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरविला. बाई खचल्या नाहीत. वृत्तपत्रकार होऊन त्यांनी आपल्या बांधवांच्या झुंडबळींविरुद्ध जन्मभर लेखणी चालविली.

त्या रस्त्यापासून थोड्या अंतरावर कलासंग्रहालयाची इमारत आहे. १८९३ च्या सप्टेंबरात सर्वधर्मपरिषद भरली ती येथेच, आणि स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले तेही येथेच. त्याच वर्षी, त्याच शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनात कृष्णवर्णीयांना स्थान का नाही, असे विचारणारी पुस्तिका आयडा वेल्स आणि त्यांचे सहकारी वाटीत होते. एका बाजूस विश्वबंधुत्वाचा जयघोष आणि दुसऱ्या बाजूस घरच्याच माणसास मज्जाव! बंधुभगिनींनो, हे दृश्य आपणांस अगदीच अपरिचित नाही.

शिकागोहून पश्चिमेस जाणाऱ्या गाडीचे नाव कॅलिफोर्निया झेफर. सुमारे २,४३८ मैल, दोन रात्री आणि तिसऱ्या दिवसाची सायंकाळ. आम्ही बसूनच गेलो. गाडीस एक मोठमोठ्या काचांचा डबा असतो, त्यात कोणत्याही उतारूने जाऊन बसावे. डेन्व्हर सोडल्यावर गाडी रॉकी पर्वत चढू लागते, सहा मैलांहून लांब अशा मोफॅट बोगद्यातून पार होते आणि मग तासन्‌तास कोलोरॅडो नदीची सोबत करते. तांबड्या कड्यांमधून वाहणारे ते मातकट पाणी पाहता पाहता डब्यातील अनोळखी माणसे आपोआप बोलू लागतात. कोणी फळे पुढे केली, आम्ही मेतकूट कशास म्हणतात ते समजावून सांगितले.

तिसऱ्या दिवशी सिएरा नेवाडा लागला. या पर्वतातून पहिला लोहमार्ग काढला तो हजारो चिनी मजुरांनी, बर्फात राबून. १८६९ साली मार्ग पुरा झाला, आणि तेरा वर्षांनी, १८८२ साली, चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला. तो १९४३ पर्यंत टिकला. ज्यांनी वाट बांधली, त्यांच्याच नावे वाटेवर कुंपण घातले गेले!

सॅन फ्रान्सिस्कोस पोहोचल्यावर मन प्रसन्न झाले तसे खिन्नही झाले. समुद्र, टेकड्या, पूल यांचे सौंदर्य अवर्णनीय आहे, परंतु त्याच रस्त्यांवर शेकडो माणसे पदपथावर निजलेली दिसतात. त्यांचेही बिऱ्हाड पाठीवरच. अंतर इतकेच की आमच्या खिशात पारपत्र आणि खाटेचे भाडे होते, त्यांच्या खिशात ते नव्हते. त्या देशाने वाटसरूस जात विचारणे सोडले, पैसा विचारणे सोडलेले नाही. अमेरिकेची स्तुती करताना ही बाजू झाकून ठेवणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

तेथून रेल्वेने मर्सेड आणि मर्सेडहून बसने योसेमिटी. ३० जून १८६४ रोजी, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष लिंकन यांनी एका कायद्यावर सही करून हे खोरे सार्वजनिक उपयोगासाठी कायमचे राखून ठेवले. १८९० साली भोवतालच्या प्रदेशाचे राष्ट्रीय उद्यान झाले. एल कॅपिटान नावाचा अखंड कातळ तळापासून सुमारे ३,००० फूट सरळ उभा आहे. धबधबा तीन टप्प्यांत मिळून २,४२५ फूट कोसळतो. आम्ही गेलो तेव्हा वरचे बर्फ वितळत असल्याने त्याचा घोष रात्रभर कानी येई. आमच्या सह्याद्रीचे कडे आम्हांस प्रिय आहेत, तरी या कातळापुढे मस्तक आपोआप लवले.

खोऱ्यात कॅम्प फोर नावाचा तळ आहे. तेथे तंबूस जागा मिळते ती माणशी दहा डॉलर देऊन, आणि एका जागेत सहा माणसे सामावतात. ती एकमेकांची कोणी नसतात. सहांस मिळून एक लाकडी मेज, एक चूल, आणि अन्न ठेवण्यास लोखंडी पेट्या. अस्वलांचा उपद्रव असल्याने खाण्याचा कणही तंबूत ठेवता येत नाही. साबण आणि दंतमंजनही पेटीतच जाते. एकाने पेटी उघडी टाकली तर अस्वल सहांच्याही दारी येणार. म्हणून तेथे प्रत्येकजण शेजाऱ्याची पेटी बंद आहे ना, हे पाहून मगच निजतो. एकटा प्रवासी म्हणजे कोणाशी देणेघेणे नसलेला माणूस, अशी आमची जी समजूत होती ती त्या तळावर पार पुसली गेली. एकट्यास निर्धास्त निजता येते ते आजूबाजूच्या पाचांनी आपापले काम चोख केले म्हणून.

या रम्य भूमीवरही जुना डाग आहे. १८५१ साली सशस्त्र तुकडी खोऱ्यात शिरली आणि तेथील मूळ रहिवासी आवानीची लोकांना हुसकून लावण्यात आले. पुढे १८९९, १९०३ व १९०४ साली या उद्यानाची राखण कृष्णवर्णीय सैनिकांनी केली. स्वतःच्या देशातील कित्येक खाणावळींत ज्यांना पाऊल टाकता येत नव्हते, त्यांनी सर्वांसाठी हे अरण्य सांभाळले. तंबूत पडल्यापडल्या आम्हांस त्यांची आठवण होई.

आता घरी येऊ. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सत्पुरुषांना अर्पण केला, कारण त्यांनी दास्यमुक्तीसाठी झीज सोसली होती. त्यापूर्वी, १८६८ साली, त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. दूरच्या देशातील चांगल्या गोष्टीची प्रशंसा करण्याचा अधिकार त्यांनी आपल्या अंगणात आधी मिळविला. याउलट, कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यास गेले तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात ते नाव बदलून राहिले, आणि काही दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून घालविले. न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षे ज्यांना निवारा मिळाला, त्यांना स्वदेशात एक खाट मिळू नये, यावर अधिक भाष्य कशास पाहिजे?

आपली पंढरपूरची धर्मशाळा आपल्या वडिलांनी पै पै जमवून बांधली. त्या काळी ज्ञातीच्या गरीब वारकऱ्यास दुसरा आसरा नव्हता. त्यांचे ते पुण्यकर्म आम्ही विसरलेलो नाही. परंतु मंडळाच्या सभासदाचे पत्र असल्यावाचून कोणासही खोली देऊ नये, हा नियम अद्याप चालू आहे, आणि आषाढी-कार्तिकी सोडल्यास बहुतेक खोल्यांना कुलूप असते. बाहेर पायरीवर एखादा परगावचा विद्यार्थी किंवा म्हातारी रात्र काढते. त्याच पंढरपुरात १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राण पणास लावून विठ्ठलाचे दार हरिजनांस उघडून दिले. देवाचे दार उघडे आणि धर्मशाळेचे बंद, ही स्थिती कोणास शोभते?

देणगीदारांची इच्छा ज्ञातिबांधवांपुरती होती, असा आक्षेप सायंकाळी निघेल. आमची सूचना अशी की, दोन्ही वाऱ्यांच्या दिवसांत ज्ञातिबांधवांस प्रथम हक्क राहू द्यावा, आणि वर्षाच्या उरलेल्या दिवसांत ओळखपत्र पाहून, जात न विचारता, कोणत्याही वाटसरूस माफक दरात खाट द्यावी. ज्याच्याजवळ तेवढेही पैसे नाहीत, त्याच्यासाठी दोन खाटा विनामूल्य राखाव्यात. सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथावरून जाताना जी उणीव आम्हांस जाचली, ती आपल्या दारी तरी राहू नये. वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी जेथे आहे तेथेच राहील. तिच्याखालून जाणाऱ्यांची संख्या तेवढी वाढेल.

तरुणांस एकच सांगणे. संधी मिळेल तेव्हा पाठीवर बिऱ्हाड घेऊन एकट्याने निघा, मुलांनी आणि मुलींनीही. अमेरिकाच पाहिजे असे नाही, विदर्भातून कोकणात गेलात तरी चालेल. वडील माणसांनी काळजी अवश्य करावी, पण वाट अडवू नये. परक्याच्या चुलीवर भात शिजवून आलेला माणूस आपल्या चुलीपाशी परक्यास जागा करून देतो, असा आमचा अनुभव आहे.

 सायंकाळच्या सभेत ठरावाच्या बाजूने हात वर होताना पाहण्याचे भाग्य लाभावे, एवढी विठ्ठलचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.