विणकरांची एक रात्र



ध्वनिमुद्रिकांच्या इतिहासात काही तबकड्या अशा आहेत की त्या ऐकताना गायकाइतकेच श्रोत्यांकडेही कान द्यावे लागतात. २४ डिसेंबर १९५५ च्या रात्री न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ध्वनिमुद्रित झालेली आणि १९५७ मध्ये व्हॅनगार्ड या संस्थेने प्रसिद्ध केलेली ‘द वीव्हर्स ॲट कार्नेगी हॉल’ ही तबकडी त्यांपैकी एक. पहिल्या ‘डार्लिंग कोरी’ या गाण्याचा बँजो वाजू लागण्यापूर्वीच टाळ्यांचा जो कल्लोळ कानी पडतो तो नुसत्या कौतुकाचा नाही. तीन वर्षे ज्यांना गाऊ दिले गेले नव्हते त्यांना पुन्हा उभे राहिलेले पाहून लोकांनी सोडलेला तो सुस्कारा आहे.

वीव्हर्स म्हणजे विणकर. पीट सीगर, ली हेज, रॉनी गिल्बर्ट व फ्रेड हेलरमन या चौघांनी १९४८ मध्ये संच उभा केला तेव्हा हे नाव त्यांनी गेर्हार्ट हाउप्टमानच्या १८९२ मधील जर्मन नाटकावरून घेतले. सायलेशियातील हातमागवाल्यांनी १८४४ मध्ये केलेल्या उठावाचे ते नाटक; बर्लिनच्या पोलिसांनी त्याच्या जाहीर प्रयोगावर बंदी घातली होती. त्याच १८९२ सालच्या जुलैत पेनसिल्व्हेनियातील होमस्टेड येथे अँड्र्यू कार्नेगीच्या पोलाद कारखान्यातील संप मोडण्यासाठी भाडोत्री बंदूकवाले आणले गेले, गोळीबार झाला, माणसे मेली. त्याच कार्नेगीच्या पैशातून १८९१ मध्ये उभ्या राहिलेल्या सभागृहात, त्याच विणकरांचे नाव लावून ही मंडळी गात होती. इतिहास असा विनोद क्वचितच करतो. आणि करतो तेव्हा तो कुणाच्या लक्षातही येत नाही.

या रात्रीचे मोल कळावयाचे तर आधीची पाच वर्षे पाहिली पाहिजेत. १९५० मध्ये वीव्हर्सचे ‘गुडनाइट आयरीन’ अमेरिकेत तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. लोकगीत इतक्या प्रचंड प्रमाणावर खपू शकते हे त्या देशाच्या ध्वनिमुद्रण व्यवसायाने तेव्हा प्रथमच पाहिले. मात्र त्याच वर्षाच्या जूनमध्ये ‘रेड चॅनेल्स’ नावाची पुस्तिका निघाली. रेडिओ-दूरचित्रवाणीतील १५१ जणांवर साम्यवादी संबंधांचा शिक्का मारणाऱ्या त्या यादीत सीगरचे नाव होते. १९५२ मध्ये हार्वी मॅटुसोव या खबऱ्याने काँग्रेसच्या समितीपुढे वीव्हर्सविरुद्ध साक्ष दिली. मग कार्यक्रम रद्द होऊ लागले, रेडिओवरून गाणी नाहीशी झाली, डेक्का कंपनीने हात झटकले, आणि संच विस्कटला. हुकूम कुणी काढला नाही, कायदा कुणी केला नाही. मालकामालकांमध्ये एकवाक्यता झाली एवढेच. मॅटुसोवने पुढे १९५५ मध्ये पुस्तक लिहून आपल्या साक्षी खोट्या असल्याचे कबूल केले. तोवर व्हावयाचे ते नुकसान झाले होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण आपल्या मंडळींत ती बोलण्याचे टाळले जाते. सीगर साम्यवादी पक्षाचा सभासद होता. १९४९च्या सुमारास तो त्यातून बाहेर पडला. त्याच्या आधीच्या ‘आल्मनॅक सिंगर्स’ संचाने १९४१ मध्ये युद्धविरोधी गाण्यांची तबकडी काढली आणि जूनमध्ये हिटलरने सोव्हिएत रशियावर चाल करताच ती बाजारातून मागे घेतली. मॉस्कोच्या वाऱ्याबरोबर शीड फिरविण्याचा हा प्रकार लोकशाही समाजवाद्याने विसरण्याजोगा नाही. स्टालिनचे क्रौर्य वेळीच ओळखले नाही याबद्दल सीगरने पुढे आपल्या पुस्तकात जाहीर क्षमा मागितली, पण ते १९९३ मध्ये. हे सारे मान्य करूनही प्रश्न उरतोच : चुकीच्या राजकीय मताची शिक्षा म्हणून माणसाच्या तोंडचे गाणे काढून घ्यावयाचे काय? ज्यांना सीगरचे राजकारण पटत नाही त्यांनीच या प्रश्नाचे उत्तर अधिक ठामपणे दिले पाहिजे. ज्याच्याशी आपले मत जुळते त्याच्या स्वातंत्र्यासाठी भांडावयास फारसे धैर्य लागत नाही.

१८ ऑगस्ट १९५५ रोजी सीगर अमेरिकाविरोधी कारवायांच्या समितीपुढे उभा राहिला. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन बहुतेक साक्षीदार सुटत असत. दोनच दिवसांपूर्वी ली हेजनेही तोच मार्ग घेतला होता. सीगरने तो घेतला नाही. आपली मते, आपला धर्म, आपले मतदान यांविषयी असे प्रश्न कोणत्याही नागरिकाला विचारणेच अयोग्य आहे असे सांगून तो थांबला, आणि हवी तर आपली गाणी गाऊन दाखवितो म्हणाला. समितीला गाणी नको होती. १९५७ मध्ये त्याच्यावर अवमानाचे आरोपपत्र आले, १९६१ मध्ये एक वर्षाच्या कैदेची शिक्षा झाली, आणि १९६२ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्द केली. म्हणजे ही तबकडी ध्वनिमुद्रित झाली तेव्हा त्या साक्षीला चार महिनेच लोटले होते आणि तुरुंगाची टांगती तलवार डोक्यावर होती.

हा कार्यक्रम घडवून आणला तो त्यांचा व्यवस्थापक हॅरोल्ड लेव्हेन्थल याने. दुसऱ्या महायुद्धात हा गृहस्थ सैनिक म्हणून भारतात होता आणि येथे त्याने नेहरूंची व गांधीजींची भेट घेतली होती. चौघांना एकत्र आणण्यासाठी त्याने प्रत्येकाला ‘बाकीचे तिघे तयार आहेत’ असे सांगितले म्हणतात. पुष्कळ चळवळींचा आरंभ अशाच एखाद्या निष्पाप थापेने झालेला असतो. सभागृह गच्च भरले.

गाण्यांकडे वळू. सीगरचा उंच, ताठ आवाज आणि बँजो, हेजचा खर्ज, हेलरमनची गिटार, आणि या सर्वांना भेदून वर उठणारा रॉनी गिल्बर्टचा आवाज. तबकडीवर कुणाचे वर्चस्व असेल तर ते रॉनीचे. त्या काळी समूहगायनात स्त्रीने मागे उभे राहून मधुर साथ द्यावी अशी समजूत होती. ही बाई पुढे येऊन गाते आणि तिच्या गाण्यात आर्जव औषधालाही नाही. ‘पे मी माय मनी डाऊन’ हे जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील कृष्णवर्णीय गोदी कामगारांचे गाणे. जहाज हाकारले जाण्यापूर्वी मजुरी चुकती करा, एवढीच त्यातली मागणी. त्यात क्रांती नाही, घोषणा नाही. बुडणाऱ्या मजुरीचा हिशोब आहे. ‘सिक्स्टीन टन्स’ हे मर्ल ट्रॅव्हिसचे खाणकामगारांवरील गाणे टेनेसी एर्नी फोर्डच्या आवाजात त्याच डिसेंबरात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. कंपनीच्याच दुकानात उधारी, त्या उधारीत आयुष्य गहाण : ज्या देशात वीव्हर्सना रेडिओ बंद होता त्याच देशाच्या प्रत्येक रेडिओवर खाणमालकाविरुद्धचे हे गाणे वाजत होते. धनिकांच्या बाजारपेठेला गाण्यातल्या अर्थाची भीती वाटत नाही, भीती वाटते ती गाणाऱ्याच्या संघटनेची.

‘वेंगा हालेओ’ हे स्पेनच्या यादवी युद्धातील प्रजासत्ताकवाद्यांचे गाणे. त्याचे स्थान कळावे म्हणून एक तारीख लक्षात ठेवावी. अमेरिकेने १९५३ मध्ये फ्रँकोशी लष्करी तळांचा करार केला होता, आणि १४ डिसेंबर १९५५ रोजी, म्हणजे या कार्यक्रमापूर्वी अवघे दहा दिवस, फ्रँकोच्या स्पेनला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला होता. सारे जग पराभूत प्रजासत्ताक विसरावयास निघाले असताना चार माणसे ते गाणे गात होती, तेही चक्क मजेत! हिब्रू गाणे, इंडोनेशियाचे अंगाईगीत, आयर्लंडची चाल, हे सारे एकाच रात्रीत. ‘किसेस स्वीटर दॅन वाइन’ची मूळ चाल मेलेल्या गाईवरील आयरिश गाण्याची, ती लेडबेलीने एका आयरिश गायकाकडून ऐकली, आपल्या ढंगात बसविली, आणि वीव्हर्सनी तिच्यावर संसाराचे गाणे रचले. लोकगीत असेच चालते. हात बदलत जाते.

पण हात बदलताना पैसा कुणाच्या हाती राहतो? ‘विमोवेह’ ऐकताना हा प्रश्न टाळता येत नाही. श्रोत्यांना वेड लावणारे हे गाणे दक्षिण आफ्रिकेतील सॉलोमन लिंडा या झुलू गायकाचे. गॅलो या ध्वनिमुद्रण कंपनीच्या गोदामात बांधाबांधीचे काम करणाऱ्या लिंडाने १९३९ मध्ये जोहान्सबर्गला ‘म्बूबे’, म्हणजे सिंह, या नावाने ते ध्वनिमुद्रित केले आणि त्याचे हक्क दहा शिलिंगांना कंपनीला दिले. ती तबकडी ॲलन लोमॅक्सने सीगरला दिली. सीगरने ‘उयिम्बूबे’ हा शब्द ‘विमोवेह’ असा ऐकला आणि तोच रूढ झाला. रचनाकार म्हणून नाव लागले ‘पॉल कॅम्पबेल’, म्हणजे वीव्हर्सनीच मिळून घेतलेले टोपणनाव. लिंडाचा वाटा त्याला पोचवावा अशी सूचना सीगरने प्रकाशकांना केली होती, स्वतः हजार डॉलरही पाठविले होते; पण पुढे लक्ष ठेवले नाही. १९६१ मध्ये ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ या रूपात त्या चालीने अमाप पैसा मिळविला. १९६२ मध्ये लिंडा दारिद्र्यात मेला. त्याच्या कबरीवर दगड बसविण्याची ऐपत घरच्यांना पुढे अनेक वर्षे नव्हती. रायन मलान या पत्रकाराने २००० मध्ये हे प्रकरण उजेडात आणले, आणि लिंडाच्या मुलींशी २००६ मध्ये तडजोड झाली.

हा डाग पुसण्याचे कारण नाही. मजुरी चुकती करा म्हणून गाणाऱ्या मंडळींच्याच हातून एका मजुराची मजुरी राहिली. त्यांची नियत खोटी नव्हती, हे खरे. परंतु नियत बरी असली म्हणजे हिशोब आपोआप चुकता होतो असे नाही. कार्यकर्त्यांच्या संस्थांतही कित्येकदा असेच घडते. वीव्हर्सवर दुसराही आक्षेप आहे, तो गाणी गुळगुळीत केल्याचा. ‘आयरीन’मधील मॉर्फिनच्या उल्लेखाचे कडवे त्यांनी गाळले, लेडबेलीच्या खरखरीत आवाजातील तुरुंग त्यांच्या आवाजात नाही. हा आक्षेपही खरा आहे. तरी या तबकडीवर, १९५० सालची तंतुवाद्यांची गोड भेसळ नसल्यामुळे, ती गाणी पुष्कळशी मोकळी झाली आहेत. तीन साधी वाद्ये, चार आवाज; ‘ग्रीनस्लीव्ह्ज’सारखे एखाददुसरे सोडले तर कोठे कंटाळा नाही.

सीगरने १९५८ मध्ये संच सोडला. निमित्त झाले ते सिगारेटच्या जाहिरातीचे. इतरांनी ती करावयाचे ठरविले, त्याला ते पटले नाही. १९८०च्या नोव्हेंबरात चौघे पुन्हा त्याच सभागृहात आले. मधुमेहाने दोन्ही पाय गमावलेला ली हेज चाकाच्या खुर्चीतून आला होता, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये तो वारला. सीगर २०१४ मध्ये, रॉनी २०१५ मध्ये, हेलरमन २०१६ मध्ये गेले.

तबकडीची दुसरी बाजू ‘गुडनाइट आयरीन’वर संपते. लेडबेली १९४९च्या डिसेंबरात मेला होता. त्याचे गाणे त्यानंतर सहा महिन्यांनी देशभर गाजले, ते त्याला ऐकावयास मिळाले नाही. सभागृह गाऊ लागते. गायकांपेक्षा थोडे मागे, थोडे बेसूर, आणि सगळ्यांना शब्द पाठ असलेले. ज्या गाण्याला रेडिओवर तीन वर्षे जागा नव्हती, ते कुणीही विसरलेले नव्हते.