बाईंची पेटी आणि पाच तारांचा बँजो

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘अमेरिकेतले अनुभव’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. तिथलं घर, नोकरी आणि बर्फ यांबद्दल तुम्ही सगळ्यांकडून ऐकलेलं आहे. शिवाय मी राहते तिथं बर्फ पडतच नाही. म्हणून फक्त एका संध्याकाळबद्दल सांगते. शेवटी एक कबुली आहे, ती तुम्हा सगळ्यांसमोर. आणि एक विनंती आहे, ती बाईंना.

गेल्या उन्हाळ्यात ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यानं मला गाण्याच्या कार्यक्रमाला नेलं. कॅलिफोर्नियात पालो आल्टोजवळच्या एका बागेत, उघड्यावर. लोक घरून घडीच्या खुर्च्या, सतरंज्या आणि खाण्याचे डबे घेऊन आलेले. पोरं हिरवळीवर लोळतायत, कुणी त्यांना गप्प करत नाही. मला एकदम आपला मीरासाहेबांचा दर्गा आठवला. उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ तिथं गाणं होतं, तेव्हा आपणही असेच जायचो. मी तर दुसरा राग सुरू व्हायच्या आत आईच्या मांडीवर झोपलेली असायचे.

वाजवणारा होता एक ट्रिब्यूट बँड. म्हणजे दुसऱ्या एका गाजलेल्या बँडची गाणी वाजवणारी मंडळी. तो मूळ बँड ‘ग्रेटफुल डेड’. १९६५ साली पालो आल्टोतच सुरू झालेला. त्यांचा जेरी गार्सिया ९ ऑगस्ट १९९५ रोजी वारला. आपण तेव्हा दहावीत होतो. मी सहकाऱ्याला म्हटलं, “मूळ रेकॉर्डिंग फोनवर असताना ही नक्कल कशाला ऐकायची?” तो म्हणाला, “मूळ माणसांनीच एक गाणं दोनदा सारखं वाजवलं नाही. नक्कल कशाची करणार?” पुढं त्यानं सांगितलं, की हा बँड श्रोत्यांना कार्यक्रम ध्वनिमुद्रित करू द्यायचा. १९८४ पासून तर टेपवाल्यांसाठी बसायची वेगळी जागाच असे. लोक त्या कॅसेटी एकमेकांना द्यायचे. पैसे घ्यायचे नाहीत, एवढी एकच अट. संगणकाच्या धंद्यातली असल्यामुळे मला ही कल्पना फार आवडली. पण गाणं काही अजून आत शिरत नव्हतं.

मध्यंतरानंतर पाहुणा वादक आला. ब्लूग्रास या प्रकारातला जुना माणूस, वय ऐंशीच्या पुढं. व्हायोलिन वाजवणाऱ्यानं त्याला कोपराला धरून वर आणलं. त्याच्या हातात बँजो होता. आता बँजो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला माहीत आहे. गणपतीची मिरवणूक, टेम्पो आणि बँजो पार्टी. माझ्याही तेच आलं. आपला बँजो म्हणजे टाइपरायटरसारख्या बटणांचं बुलबुलतरंग, मूळचं जपानी वाद्य. हा वेगळा. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी लोकांनी भोपळ्यावर कातडं ताणून जे वाद्य केलं, त्यातून हा आला. भोपळा म्हटल्यावर मिरजेच्या माणसाला परकं काही वाटत नाही. सतारमेकर गल्लीवरून शाळेत आलेली पोरं आपण.

ब्लूग्रासबद्दल थोडं सांगते. केंटकीचा बिल मनरो मँडोलिन वाजवायचा. त्याच्या ‘ब्लू ग्रास बॉईज’ या बँडवरून या संगीताला नाव पडलं. १९४५ च्या अखेरीस त्यात अर्ल स्क्रग्ज आला आणि अंगठा आणि दोन बोटं अशा तीन बोटांनी त्यानं बँजो असा काही धावता केला, की लोक थक्क झाले. यात ढोल-ताशे नाहीत. सगळे एका मायक्रोफोनभोवती उभे राहतात. ज्याची पाळी तो पुढं येतो, आपला तुकडा वाजवतो आणि मागं सरतो. आपल्या भजनी मंडळात एकेकजण अभंग उचलतो ना, तसं.

म्हातारा आल्यावर ड्रमवाला काठ्या ठेवून खाली उतरला. इलेक्ट्रिक गिटारी बाजूला गेल्या. पहिलं गाणं बरं झालं. दुसऱ्या गाण्यात त्याची पाळी आली, तो पुढं झाला आणि मध्येच त्याची बोटं थांबली. वाट चुकली. माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, आता कुणीतरी पुढं होऊन ती जागा भरून काढेल आणि सगळे टाळ्या वाजवून प्रसंग झाकतील.

कुणीही पुढं झालं नाही. मँडोलिनवाल्या पोरानं नुसता ठेका धरून ठेवला. खर्जाचं ते भलं मोठं उभं वाद्य दोनच सुरांवर चालत राहिलं. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. तबलजी गवयासाठी थांबतो तसे ते थांबले, पण ताल सोडून नव्हे. तिसऱ्या वेळी म्हाताऱ्यानं सम गाठली. निम्मेच सूर, पण जिथल्या तिथं. हिरवळीवरचे लोक उठून उभे राहिले.

मी मात्र दुसरीकडंच बघत होते. त्या बँडची स्वतःची बँजोवाली होती, पंचविशीची असेल. आपला बँजो पाठीवर टाकून ती त्याच्या शेजारी उभी होती. लोक त्याच्या तोंडाकडं बघत होते, ही फक्त त्याच्या उजव्या हाताकडं. अंगठा कुठं टेकतो, मनगट किती उचलतो. सूर तिनं रेकॉर्डवर हजारदा ऐकले असतील. तिला हात बघायचा होता.

परतताना सहकाऱ्यानं गार्सियाची गोष्ट सांगितली. ग्रेटफुल डेडच्या आधी गार्सिया बँजो वाजवायचा. १९६४ साली, बाविशीच्या आत, तो एका मित्राबरोबर टेपरेकॉर्डर घेऊन दूर दक्षिणेपर्यंत ब्लूग्रास ऐकत फिरला. मनरोच्या बँडमध्ये जागा मिळावी असं मनात होतं. पण प्रत्यक्ष मनरोसमोर गेल्यावर विचारायचं धाडस झालं नाही, असं सांगतात.

त्या रात्री मला झोप आली नाही. आता कबुली.

गेले दोन महिने आपल्या ग्रुपवर चर्चा चालली होती, की उद्या सकाळच्या प्रार्थनेला पेटी कोण वाजवणार. शाळेत असताना हा प्रश्नच नव्हता. बाई वाजवायच्या. आता बाईंचा हात कापतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मी लिहिलं, “बाईंना त्रास नको.” मग एका रात्रीत संगणकावर पेटीचा ट्रॅक तयार केला आणि ग्रुपवर टाकला. तुम्ही चाळीस अंगठे दाखवलेत. ट्रॅक चांगला झाला आहे, त्यात एकही चूक नाही.

पण ते बाईंच्या त्रासासाठी नव्हतं. बाईंचा हात अडखळलेला मला बघवला नसता, म्हणून होतं. तो त्रास माझा होता आणि मी बाईंचं नाव पुढं केलं. बाईंना विचारलं कुणी? कुणीच नाही. मीही नाही.

आणखी एक गोष्ट, जी फक्त बाईंना आणि मला माहीत आहे. आठवीपासून मी बाईंकडं पेटी शिकत होते. दहावीच्या जूनमध्ये सांगून आले, “बाई, दहावी झाली की येते.” बाई म्हणाल्या, “ये. पेटी कुठं जात नाही.” दहावी झाली, बारावी झाली, इंजिनिअरिंग झालं, तिथली नोकरी लागली. प्रत्येक सुट्टीत मिरजेला आले आणि बाईंच्या गल्लीवरून रिक्षा पुढं नेली. काय सांगणार होते? बाईंनी कधी निरोपानंसुद्धा विचारलं नाही. तेच जास्त लागतं.

आज सकाळी मी तो ट्रॅक ग्रुपवरून काढून टाकला. ज्यांनी उतरवून घेतला असेल त्यांनी खुशाल ठेवावा, पण उद्या लावायचा नाही. शाळेची जुनी पेटी काल कपाटातून काढून घेतली. भात्याला एक ठिगळ लावलं आणि एक पट्टी अडकत होती ती मोकळी करून घेतली.

बाई, विनंती एवढीच आहे, की उद्या पेटी तुम्ही वाजवा. नको असेल तर नको म्हणा. ते तुम्ही म्हणायचं, आम्ही नव्हे. भाता मी मारीन, तुम्ही फक्त पट्ट्यांवर हात ठेवा. हात थांबला तर थांबू दे. आम्ही ध्रुवपद धरून ठेवू, कितीही वेळा. चाळीसजण आहोत, दमणार नाही.

आणि मला समोर बसू द्या. हात नीट दिसेल असं.

दहावी झाली, बाई. मी आले आहे.