37 हॉर्सपॉवर आणि दिंबमचा घाट



मी कोइमतूरहून आलोय. माझं मराठी ऐकून काही जणांनी ओळखलं असेल, हा सांगलीकडचा. गाव तिकडचंच, विट्याजवळ. पण वाढलो कोइमतूरला. आमच्या भागातली गलाईवाली माणसं तुम्ही ज्या ज्या राज्यातून हे ऐकताय तिथे तिथे असतील. सराफांच्या गल्लीत एक बारकी खोली, एक भट्टी, आणि दिवसभर सोनं-चांदी गाळायचं. माझे वडीलही तेच करायचे. मी भट्टीवर बसलो नाही. माझं इंजिन रिकंडिशनिंगचं वर्कशॉप आहे: बोअरिंग, होनिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग.

माझ्याकडे आठवड्याला एक तरी पोरगा येतो. गाडी अल्टो, नाहीतर जुनी झेन, नाहीतर स्विफ्ट. आणि म्हणतो, "अण्णा, पवर वेणुम्." म्हणजे, पॉवर पाहिजे. मी त्याला हसत नाही. 2004 साली मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मला तेच पाहिजे होतं.

कोइमतूर हे काय गाव आहे ते आधी सांगतो, नाहीतर माझं वेड कळायचं नाही. तिथे एस. करिवर्धन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी मारुती 800 चं इंजिन घेऊन एक माणूस बसेल अशी रेसची गाडी उभी केली, फॉर्म्युला मारुती. नारायण कार्तिकेयन, जो 2005 साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला, तो सुरुवातीला याच गाडीत बसला होता. करिवर्धन 1995 साली विमान अपघातात गेले. त्यांच्या नावाचा करी मोटर स्पीडवे गावाबाहेर आहे. आमच्याकडे पंक्चर काढणाऱ्या पोरालाही कॅमशाफ्ट म्हणजे काय ते माहीत असतं.

आणि आमच्या दारात वडिलांनी सेकंडहँड घेतलेली मारुती 800 उभी. 1996 चं मॉडेल, कार्ब्युरेटरवालं. तीन सिलिंडर, 796 सीसी, 37 हॉर्सपॉवर, चार गिअर, 12 इंची चाकं. मी विचार केला, करिवर्धननी जे इंजिन रेसला लावलं तेच आपल्याकडे आहे की!

एवढंच विसरलो की त्यांच्या गाडीला दारं नव्हती, मागचं सीट नव्हतं, टपावर कॅरिअर नव्हतं आणि आत आई बसलेली नव्हती.

मी काय काय केलं? आधी सायलेन्सर. मधला डबा काढून मोठ्या व्यासाचा सरळ पाइप. मग एअर फिल्टरचा डबा काढला आणि उघडा शंकूसारखा फिल्टर लावला. मग सिलिंडर हेड खाली उतरवून घासून घेतलं, एक मिलिमीटरपेक्षा थोडं जास्तच, म्हणजे ज्वलनाची जागा कमी होते आणि कॉम्प्रेशन वाढतं. वर डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग पुढे घेतलं. सगळे मिळून अकरा हजार रुपये. ट्यूशन घेऊन साठवलेले. ज्याने मला हेड घासून दिलं त्याने एकही प्रश्न विचारला नाही. मी आज विचारतो.

अविनाशी रोडवर पहाटे गाडी काढली. काय सांगू! आवाज तर असा की कोपऱ्यावरचे रिक्षावाले वळून बघायचे. मला वाटलं, पन्नास हॉर्सपॉवर तरी झाले असतील.

आता आजच्या डोक्याने हिशेब करतो. इंजिन म्हणजे हवेचा पंप. पेट्रोल जास्त ओतणं सोपं आहे, पण एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला पावणेपंधरा ग्रॅमच्या आसपास हवा लागते. तेव्हा प्रश्न हवेचा. 796 सीसीचं फोरस्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं. 5000 आरपीएमला मिनिटाला 2500 वेळा. म्हणजे सगळे सिलिंडर काठोकाठ भरले तरी मिनिटाला 2000 लिटरच्या आत. तुम्ही फिल्टर कुठलाही लावा, ही मर्यादा त्या सिलिंडरांच्या मापाने ठरलेली आहे. ओलांडायची तर इंजिन मोठं पाहिजे, नाहीतर जास्त वेगाने फिरवलं पाहिजे, नाहीतर टर्बोने हवा दाबून आत घातली पाहिजे. चौथी वाट नाही. बाकी सगळं म्हणजे आहे त्या हवेतली गळती थांबवणं.

पोरं म्हणतात, बोअर करा. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन घातले तर 796 चं साधारण 808 सीसी होतं. दीड टक्का. सिलिंडर झिजला म्हणून बोअर करायचं असतं. पॉवरसाठी केलं तर तो पैसा बिलापुरताच दिसतो.

उघड्या फिल्टरचं तर उलटंच. बॉनेटखाली, रेडिएटरच्या मागे, तापलेली हवा ओढायची. हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता साधारण तीन टक्क्यांनी घटते. कंपनीने तो कुरूप काळा डबा आणि ते नाक पुढे काढलेलं असतं ते गार हवेसाठी. ते मी काढून माळ्यावर टाकलं होतं.

मग मला गाडी जोरात पळतेय असं का वाटलं? आवाजामुळे. कान फसवतात. घड्याळ लावून मोजलं असतं तर कळलं असतं, पण मी मोजलं नाही. मोजायला मी घाबरत होतो बहुतेक.

त्या वर्षी आजी गेली. गावाला.

हजारेक किलोमीटरचं अंतर. मातीला पोचणं शक्यच नव्हतं, चुलत्यांनी सगळं उरकलं. वडील थोरले. दहाव्याला तरी पोचायचंच. पण भट्टीवर गिऱ्हाइकांचा माल अडकलेला. दुसऱ्याचं सोनं तसंच टाकून गलाईवाला गाव सोडत नाही. तो पोचता करेपर्यंत आठवा दिवस संपला. नवव्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. वडील, आई, धाकटी बहीण, मी. म्हैसूरला धाकटे चुलते होते, त्यांना घ्यायचं, आणि रात्रभर चालवत दहाव्याच्या सकाळी नदीवर. गाडी मी चालवणार होतो. वडिलांनी विचारलं होतं, "गाडी धड हाय न्हवं?" मी म्हटलं होतं, "आधीपेक्षा भारी हाय."

सत्यमंगलम सोडलं की दिंबमचा घाट लागतो. जंगलातला रस्ता, 27 हेअरपिन वळणं. आता रात्री तो वाहनांना बंद असतो. ज्यांनी चढलाय त्यांना माहीत आहे, पुढे उसाचा किंवा लाकडाचा ट्रक असला की तुम्ही त्याच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत राहता. रिकामी गाडी 650 किलोची, तिला 37 हॉर्सपॉवर म्हणजे टनाला 57. आमची माणसं आणि सामान धरून आणखी तीनशे किलो. टनाला 39 उरले. ॲक्सिलरेटर पार खाली, आरपीएम कमी, हवा लागत नाही, सूर्य डोक्यावर येतोय.

एकोणिसाव्या वळणावर गाडीने दम टाकला. मागे निळा धूर, ऑइल कॅपमधून भपकारे. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनला भोक पडलं होतं.

ते कसं पडतं, यावर मी थोडा वेळ घेणार आहे, कारण हीच गोष्ट पोरांना कुणी सांगत नाही.

पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. सिलिंडरमध्ये जळणारा वायू 2000 अंशांच्या वर जातो. मग पिस्टन रोजच का वितळत नाही? दोन कारणं. एक, धातूला चिकटून वायूचा एक पातळ, तुलनेने गार थर असतो, तो पांघरुणासारखं काम करतो. दोन, पिस्टनवरची उष्णता रिंगांतून सिलिंडरच्या भिंतीत आणि ऑइलमध्ये सतत निघून जाते. कॉम्प्रेशन वाढवलं, टायमिंग पुढे घेतलं आणि पेट्रोल साधं असलं की काय होतं? ठिणगीने लावलेली आग पसरत असतानाच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. याला नॉकिंग म्हणतात. दाबाच्या लाटा आपटतात आणि ते पांघरूण फाटतं. त्या वेळी साधं पेट्रोल 88 ऑक्टेनच्या आसपासचं होतं. नंतर ते 91 चं झालं. भर म्हणून मी हवेचा मार्ग मोकळा केला होता पण कार्ब्युरेटरचे जेट तेच ठेवले होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडून उष्णता आणखी वाढली.

आणि नॉकिंग ऐकू येतं हो! डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. सपाट रस्त्यावर एक-दोन सेकंद, घाटात सलग. ऐकू आला असता तर मी ॲक्सिलरेटर सोडला असता, गाडी थांबवली असती, टायमिंग मागे घेतलं असतं, आणि आम्ही पोचलो असतो. पण मी सरळ पाइप लावला होता. त्या आवाजापुढे काहीच ऐकू आलं नाही.

वडिलांनी बॉनेटकडे पाहिलं, घड्याळ पाहिलं. वरून येणाऱ्या नाही, खालून चढणाऱ्या एका लॉरीला हात केला आणि पिशवी घेऊन तिच्यात बसले. चामराजनगर, तिथून म्हैसूर, तिथून चुलत्यांबरोबर रात्रीची बस, कोल्हापूर, विटा. ते नदीवर पोचले तेव्हा कावळा शिवून दोन तास झाले होते. मी, आई आणि बहीण सत्यमंगलमला एका टेम्पोच्या मागे दोराने बांधून परत आलो. आई वाटेत एक शब्द बोलली नाही.

आठवड्याने वडील आले. मी इंजिन उघडून ठेवलं होतं. त्यांनी तो पिस्टन हातात घेतला, भोकातून बोट घातलं. कडा वितळून गोल झालेल्या. त्यांना वितळलेला धातू ओळखता येतो, त्यात त्यांचं आयुष्य गेलं. एवढंच म्हणाले, "जाळ वाढवलास. मूस बघितलीस का?"

मूस म्हणजे आमच्याकडे धातू वितळवायचं भांडं. सोनं वितळतं 1064 अंशांना. जाळ वाढवायच्या आधी गलाईवाला मूस उलटीपालटी करून बघतो, चीर आहे का. मूस फुटली तर सोनं राखेत. मी जाळ 660 अंशांच्या मुशीखाली वाढवला होता.

आता पोरगा पवर मागतो तेव्हा मी मूस बघतो. आधी कॉम्प्रेशन टेस्ट. लाखभर किलोमीटर पळालेल्या छोट्या गाडीचे मूळ घोडेच बरेचदा जागेवर नसतात: व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, क्लच घसरतो, मागचा ब्रेक ड्रमला घासत राहतो, टायरात हवा कमी. हे सगळं ठीक केलं की पोरगा म्हणतो, "अण्णा, काय घातलंत?" काही घातलं नाही बाबा, तुझंच तुला परत दिलं.

डिझेल स्विफ्टवाले लॅपटॉपने रीमॅप करून आणतात. तिथे फरक खरोखर पडतो, कारण टर्बो आहे, हवा वाढवता येते. पण एक गोष्ट बघा. ते 1248 सीसीचं फियाटचं मल्टिजेट इंजिन स्विफ्टमध्ये 75 हॉर्सपॉवरचं होतं आणि अर्टिगा-सियाझमध्ये 90 चं. पंधरा घोडे वाढवायला कंपनीने टर्बोच वेगळा बसवला, व्हेरिएबल जॉमेट्रीचा. तेवढेच घोडे जुन्या टर्बोतून अर्ध्या तासात काढून देतो म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की क्लच, उष्णता आणि धूर यांचा हिशेब त्याने कुठे केलाय. आणि ब्रेक! 80 ऐवजी 100 च्या वेगाने गाडी थांबवायची तर ब्रेकला दीडपटीहून जास्त ऊर्जा गिळावी लागते. ब्रेकसाठी पैसे घेऊन आलेला पोरगा मी अजून पाहिला नाही.

कायद्याचं पटकन सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की ती आरसीतल्या नोंदीशी जुळणार नाही. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही असंच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलामागे प्रत्येकी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. झेनमध्ये एस्टीमचं इंजिन बसवणाऱ्यांनी हे वाचावं. ज्याला खरंच इंजिन ताणायचंय त्याच्यासाठी ट्रॅक आहे. तिथे मी स्वतः मदत करतो, आनंदाने करतो. कॅम बदलू, हेड पोर्ट करू, जेट बदलू, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घालू. तिथे पिस्टन गेला तर रविवार जातो, बस.

ती 800 अजून आमच्याकडे आहे, पुनर्नोंदणी करून. काळा डबा माळ्यावरून काढून परत बसवला, सायलेन्सर कंपनीचा, दुसरं हेड घातलं. 37 घोडे असतील, नसतीलही. वर्षातून एकदा आजीच्या तिथीला गावाला जातो, दिंबमवरूनच, उजेडात. वडील आता पंचाहत्तरीचे आहेत, माझ्या शेजारी बसतात. मागून लॉरीवाले हॉर्न मारतात, मी दुसऱ्या गिअरमध्येच असतो. एकोणिसावं वळण आलं की वडील काच खाली करतात, कान बाहेर काढून इंजिन ऐकतात, आणि काच परत वर करतात.