मेंडेलचे वाटाणे आणि आपला शोधनिबंध



परीक्षा जवळ आल्या की जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरी एक शब्द सारखा कानावर पडतो : 'प्रोजेक्ट'. पूर्वी हे प्रकरण बहुतेक एम.एस्सी.पुरतं असे. आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीतही शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्प घेता येतो. आणि प्रकल्प म्हटला की शोधनिबंध आलाच.

मुलं आधी प्रस्तावना लिहायला बसतात आणि निसर्गाची थोरवी गाण्यात दोन दिवस घालवतात! माझं ऐकाल, तर सुरुवात 'साहित्य आणि पद्धती'पासून करा. समजा, रस्त्याकडेच्या आणि बागेतल्या आंब्याच्या पानांवरची पर्णरंध्रं तुम्ही मोजलीत. पानाच्या खालच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिश लावायचं, वाळलं की चिकटपट्टीनं अलगद सोलून काचपट्टीवर घ्यायचं. सूक्ष्मदर्शकाखाली रंध्रांचे ठसे दिसतात. आता लिहा : झाडं किती, प्रत्येकाची पानं किती, कोवळी की जून, एका पानावर किती ठिकाणी मोजलं. दुसऱ्या कुणाला तोच प्रयोग करायचा झाला, तर तुम्हाला शोधत येण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये. मग निरीक्षणं, मग चर्चा. सारांश छापताना पहिला येतो, पण लिहायचा सगळ्यात शेवटी.

खरी कसोटी निरीक्षणांत लागते. पुस्तकात एक आकडा असतो, आपल्या वहीत भलताच. गुण जातील या भीतीनं खोडरबराकडे हात जातो. अशा वेळी ग्रेगोर मेंडेलचा निबंध आठवावा. त्यानं तो 1865 साली ब्रनो शहरातल्या निसर्ग अभ्यासकांच्या मंडळापुढे दोन बैठकांत वाचला. 1866 मध्ये तो छापून आला. 253 संकरित रोपांपासून 7,324 वाटाणे मिळाले. त्यांतले 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेले. गुणोत्तर त्यानं 2.96 ला 1 असं लिहिलं, सरळ 3 ला 1 नव्हे. आणि पुढे हेही सांगितलं, की एका रोपावर 43 गोल आणि अवघे 2 सुरकुतलेले दाणे होते, तर दुसऱ्यावर 14 गोल आणि 15 सुरकुतलेले. नियमाला न शोभणारी ही दोन रोपं त्याला सहज गाळता आली असती.

गंमत म्हणजे, 1936 मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी शंका काढली ती मेंडेलचे एकूण आकडे अपेक्षेशी फारच चांगले जुळतात म्हणून. अपेक्षित उत्तर ठाऊक असलेल्या एखाद्या मदतनिसाचा तो प्रताप असावा, असंही त्यांनी सुचवलं. हा वाद पुढे बरीच वर्षं चालला.

यातून आपल्या कामाची एक युक्ती मिळते. काचपट्ट्यांवर 'रस्ता', 'बाग' असं लिहूच नका, नुसते क्रमांक टाका. कोणता क्रमांक कुठला, ती यादी मैत्रिणीकडे ठेवा आणि सगळं मोजून झाल्यावरच मागा. एखादं पान फार वेगळं निघालं, तर तेही तक्त्यात घ्या. कारण काय असेल, ते चर्चेत लिहा. कारण सापडलं नाही, तर तसं लिहा. मीही परीक्षक म्हणून बसतो. असं वाक्य वाचलं, की मला बरं वाटतं.

हल्ली प्रस्तावना संगणकही लिहून देतो. पण तुमच्या झाडाची पानं त्यानं पाहिलेली नसतात. म्हणून तोंडी परीक्षेला मी बांधीव निबंध बाजूला ठेवतो आणि मोजणीची कच्ची वही मागतो. चहाचा डाग असला तरी चालेल. तारखा मात्र हव्यात.