मंडळी कोणाच्या मालकीची?



या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. पण केवळ गोड बोलून मी हा मान फेडणार नाही. परदेशात ख्रिस्ती मंडळ्या स्थापणाऱ्या मिशन संस्थांच्या अहवालांत एक आकडा ठळक छापतात : यंदा नव्या मंडळ्या किती. मला दुसरा आकडा हवा आहे. किती मंडळ्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या आणि किती ठिकाणांहून तुम्ही निघालात?

हा सवाल आपण नाही विचारायचा, तर कोणी? आपण मराठी ख्रिस्ती अशाच कामाचं फळ आहोत. 1813 साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशननं अहमदनगरला ठाणं मांडलं. मुलींच्या शाळा निघाल्या, 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. हे ऋण नाकारणारा कृतघ्न. पण ऋण मानणं वेगळं आणि जन्मभर मिंधं राहणं वेगळं.

मंडळीनं आपला कारभार आपण पाहावा, खर्च आपण उचलावा, सुवार्ता आपण पसरवावी, असं या मिशनच्या बोस्टन कचेरीचे चिटणीस रूफस अँडरसन बजावत असत. तत्त्व सोळा आणे खरं. पण 1854-55 मध्ये ते इथे येऊन गेल्यावर मिशननं इंग्रजी शिक्षणाबाबत हात आखडता घेतला. स्वावलंबी व्हा, हा हुकूमही साता समुद्रापलीकडून सुटला! तिजोरी ज्याची, शब्द त्याचा, हे आपलं जुनं दुखणं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्यावरच घाव घातला. 1917 साली मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त एका पंगतीला बसवले. 1919 मध्ये ते गेले. उरलेलं काम आपल्या गळ्यात आहे.

मंडळी रुजते कशी, हे पाहायचं तर नगरकडच्या खेड्यात सुगीच्या सणाला जा. सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली माणसं, तबल्यावर टिळकांचं भजन, पुढे बाजरीची पाटी, भोपळे, पाय बांधलेली कोंबडी. उपासना आटोपली की लिलाव. कोंबडी दुप्पट-तिप्पट बोलीनं जाते आणि पैसे मंडळीच्या खात्यात पडतात. ती बोली लावणारी शेतमजूर बाई त्या मंडळीची मालकीण आहे. तिला अहवालातल्या फोटोपुरती लाभार्थी करू नका!

आता आपल्याही मंडळ्या परमुलखात सुवार्तिक पाठवू म्हणतात. जरूर पाठवा. पण पहिल्याच दिवशी तिथल्या माणसांसमोर बसून तीन गोष्टी ठरवा : जमीन कोणाच्या नावावर, पाळकाचा पगार कोणाकडून, आणि आपण निघायचं केव्हा. ही उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय आपल्या दानार्पणातला एक रुपयाही अशा कामाला जाता कामा नये. तसा ठराव याच व्यासपीठावरून, आजच व्हावा, अशी माझी मागणी आहे.